सहावी ते आठवी : हाताने शिकण्याची तीन वर्षे

27 ऑगस्ट 2003. सिंहस्थाची पर्वणी होती. नाशिकच्या पंचवटीत रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर गर्दी अडली, मागून रेटा वाढत गेला आणि चेंगराचेंगरीत 39 भाविकांचा जीव गेला. नाशिककरांच्या मनातून तो दिवस अजून पुसलेला नाही.

पुढचा सिंहस्थ आला 2015 मध्ये. त्या वेळी भाविकांच्या वाटेवर एक साधी दिसणारी चटई अंथरली गेली. तिच्या पोटात दाब ओळखणारे सेन्सर होते. पाऊल पडले की नोंद व्हायची आणि किती माणसे पुढे सरकली हा आकडा मोबाइलच्या नेटवर्कवरून पोहोचायचा. गर्दी दाटायच्या आधीच व्यवस्थेला ती कळावी, एवढाच तिचा हेतू. अठरा तासांत या चटईने पाच लाखांहून जास्त माणसे मोजली. तिचे नाव ‘आशिओटो’, आणि ती घडवणाऱ्यांतला नीलय कुलकर्णी हा नाशिकचा मुलगा तेव्हा शाळकरी वयाचा होता. पुढे टेडच्या व्यासपीठावरून त्याने ही गोष्ट जगाला सांगितली.

हे एकाएकी घडले नव्हते. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने सिंहस्थाआधी नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’ नावाची शिबिरे भरत होती. गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय असे गावाचे खरे प्रश्न तिथे मांडले जात आणि विद्यार्थी, अभियंते, डॉक्टर, अधिकारी एकत्र बसून त्यांवर काम करत. रासकरांना 2016 मध्ये पाच लाख डॉलर्सचा लेमेल्सन-एमआयटी पुरस्कार मिळाला. नाशिकच्या दृष्टीने मात्र मोठी गोष्ट ही, की गावातल्या मुलांना गावचाच प्रश्न सोडवायला मिळाला.

आता ही चटई शाळेच्या वेळापत्रकात कुठल्या तासाला बसवायची? सेन्सर आणि प्रोग्रॅम हे तंत्रज्ञान झाले. अनवाणी, ओल्या पायांनी चालणारा माणूस तिच्यावर अडखळू नये, थबकू नये, त्याला ती वेगळी वाटूही नये, हा रचनेचा म्हणजे डिझाइनचा प्रश्न. आणि माणसे कशी चालतात, कुठे वळतात, कुठे घोळका करतात हे टिपणारी नजर तयार होते ती चित्रकलेच्या वहीत. शाळेत हे तीन कप्पे वेगळे असतात. सहावी-सातवीतल्या मुलाला त्यातला एकच निवडायला सांगितले जाते, आणि कधी तेवढेही विचारले जात नाही.

मराठी शाळेतल्या मुलासमोर निवड म्हणून पहिला प्रश्न येतो तो बहुधा आठवीच्या उंबरठ्यावर : संपूर्ण संस्कृत घ्यायचे, की हिंदी-संस्कृत संयुक्त? त्याचे उत्तर घरोघर एकाच निकषावर ठरते, गुण कशात जास्त पडतील. कला आणि कार्यानुभव हे विषय पहिलीपासून आठवीपर्यंत अभ्यासक्रमात आहेत, पण त्यांचे मोल सगळ्यांना ठाऊक असते. घटक चाचणी जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो. कार्यानुभवाच्या तासाला वह्या पूर्ण करून घेतात. संगणकाच्या तासाला एका संगणकापुढे तिघे-चौघे बसतात आणि माउस त्यातल्या एकाच्याच हातात राहतो. ज्या विषयाचा तास हक्काने काढून घेता येतो, तो विषय मुलाने मनापासून निवडावा अशी अपेक्षा तरी कशी करायची?

तरीही या राज्यात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. ग्रेड परीक्षा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. पॅड, पाण्याचा डबा, पोस्टर कलरच्या बाटल्या आणि कंपासपेटी घेऊन दुसऱ्याच शाळेतल्या केंद्रावर जाणारी सातवी-आठवीची मुले हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसणारे चित्र आहे, पंचवटीतही. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येते आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते.

हा अभ्यासक्रम आजच्या डोळ्यांनी नीट वाचला तर त्याची ताकद कळते. स्मरणचित्रात नदीकाठ, बसस्थानक, बाजार असा प्रसंग आठवून काढायचा असतो. म्हणजे आधी तो पाहिलेला असावा लागतो. संकल्पचित्रात दिलेल्या आकारात आकृतिबंध बसवायचा, मोकळी जागा सांभाळायची, ठरलेल्या रंगांत काम भागवायचे. मर्यादेत राहून उपाय शोधणे हेच तर डिझाइन. घनभूमितीत वस्तू समोरून कशी दिसेल आणि वरून कशी, हे कागदावर मांडायचे. कारखान्यातले ड्रॉइंग वाचणारा फिटर आणि थ्रीडी प्रिंटरसाठी आकार तयार करणारी मुलगी, दोघांनाही नेमके हेच लागते.

अक्षरलेखनाचेच घ्या. र. कृ. जोशी यांनी मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कलेचे शिक्षण घेतले, जाहिरात क्षेत्रात काम केले, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात शिकवले आणि पुढे संगणकावरच्या भारतीय लिप्यांच्या कामात स्वतःला झोकून दिले. विंडोज संगणकावर मराठी उमटवणारा ‘मंगल’ हा टंक त्यांच्या हातचा. लाखो लोकांनी त्यातून अर्ज भरले, बातम्या टाइप केल्या, पत्रे लिहिली. बोरूचे वळण आणि संगणकाचा कोड एकाच माणसाच्या हातात आले तेव्हा हे काम झाले. शाळेच्या तक्त्यात मात्र अक्षरलेखन एका रकान्यात आहे आणि संगणक दुसऱ्या.

ग्रेड परीक्षेला गेल्या काही वर्षांत वेगळीच गर्दी लोटली. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळू लागले : अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. कलेची दखल घेतली गेली हे चांगलेच. पण त्या गुणांमागे शिकवण्याही आल्या आणि तयार चित्रेही आली. एकच नक्षी, एकच झोपडी, एकच जत्रा घोटून घेतलेली मुले परीक्षेला बसतात. ज्या स्मरणचित्रात स्वतःच्या आठवणीतले गाव यायला हवे तिथे क्लासच्या फळ्यावरचे गाव येते. पंचवटीतल्या मुलाने गोदाकाठचा बुधवारचा बाजार सोडून फळ्यावरचा बाजार काढावा, याला चित्रकला म्हणता येत नाही.

नाशिकला या विषयावर बोलायचा अधिकार आणखी एका माणसामुळे मिळतो. धुंडिराज गोविंद फाळके. 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी जन्म. 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश आणि त्यानंतर बडोद्याचे कलाभवन. तिथे रंगकाम, मूर्तिकाम, वास्तुकला आणि छायाचित्रण अशी सगळी दारे त्यांच्यासाठी उघडी होती. पुढे त्यांनी छायाचित्रे काढली, ठसे बनवायची कला शिकून घेतली, छापखाना काढला, पुरातत्त्व खात्यात आरेखन केले आणि आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही केले. आजच्या पालकाने हे प्रगतिपुस्तक पाहिले असते तर पोरगा एका जागी टिकत नाही म्हणून कपाळाला हात लावला असता.

पण 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांसमोर आला तो या साऱ्या शिक्षणाच्या बळावर. त्याच्या आधी फाळक्यांनी एक छोटा प्रयोग केला होता. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत रोज थोडे-थोडे चित्रण केले. पडद्यावर रोप बघता बघता वाढले. आज सहावीतल्या मुलांना मोबाइल आणि एक कुंडी दिली तर हाच प्रयोग वर्गात होतो. त्यात विज्ञान आहे, यंत्र आहे, चौकट आणि उजेड आहे, रोज न चुकता एकाच वेळी एकाच जागी उभे राहायची शिस्त आहे. तो कुठल्या तासाला घ्यायचा हा प्रश्न मुलांना पडणार नाही.

हाताच्या कामाला शाळेच्या मध्यभागी आणायचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. पण त्या विचाराला आधुनिक यंत्रांची जोड देऊन तो सरकारी अभ्यासक्रमापर्यंत नेण्याचे काम ज्यांनी केले, त्यांचे नाव शिक्षणाच्या चर्चेत फार कमी घेतले जाते : डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, मग हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन, आणि ते सोडून 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम.

कलबागांनी मुलांना एकच कौशल्य निवडायला लावले नाही. ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ या त्यांच्या कार्यक्रमात चार विभाग होते : अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. आठवड्यातला एक दिवस या कामाचा. आणि प्रत्येक मुलाने, प्रत्येक मुलीने चारही विभागांतून जायचे. मुलींनी वेल्डिंग केले, मुलांनी स्वयंपाक केला. मुले रक्तातले हिमोग्लोबिन तपासायला शिकली, मातीची तपासणी करायला शिकली. शिकवायला गावातलेच कसबी लोक घेतले. मुलांनी केलेले काम कोपऱ्यात धूळ खात पडू नये म्हणून शाळेने गावाची कामे घ्यायची : कुणाचे फाटक, कुणाचे मांडव, कुणाची वीजजोडणी. गिऱ्हाईक समोर उभे असले की मापात चूक चालत नाही. हिशेब, भूमिती आणि बोलण्याची रीत या तिन्ही गोष्टी तिथे एकदम येतात.

2002 मध्ये एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब उभी राहिली ती या पाबळमध्ये. बोस्टनहून निघालेली डिजिटल यंत्रांची प्रयोगशाळा युरोपातल्या एखाद्या राजधानीत जाण्याआधी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यात आली, कारण तिथे हाताने काम करणारी मुले आधीच तयार होती. कलबाग 2003 मध्ये गेले. त्यांचा कार्यक्रम पुढे नववी-दहावीच्या बहुकौशल्य विषयात रुजला.

पाबळने जे चाळीस वर्षांपूर्वी सुरू केले, त्याच्या जवळपास राष्ट्रीय धोरण आता पोहोचले आहे. 29 जुलै 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम अशा कामांची प्रत्यक्ष ओळख आणि कधीतरी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकणे सांगितले आहे. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामांचे तीन भाग पाडले : सजीवांसोबतचे काम, यंत्र आणि साहित्य यांसोबतचे काम, माणसांच्या सेवेचे काम. वर्षाला प्रत्येक भागातला एक, म्हणजे तीन वर्षांत नऊ प्रकल्प. एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘कौशल बोध’ पुस्तकात प्रत्येक भागात दोन प्रकल्प दिलेत : शाळेची परसबाग किंवा जैवविविधतेची नोंदवही, हस्तकौशल्याची कामे किंवा ॲनिमेशन आणि खेळ, शाळेचे संग्रहालय किंवा बिनआचेचा स्वयंपाक. निवड आहे, पण कुठलाही भाग टाळायची मुभा नाही. ही मांडणी मुलाच्या वयाला धरून आहे. अकराव्या-बाराव्या वर्षी आवड शोधायची असते, ठरवायची नसते.

महाराष्ट्रात एप्रिल 2025 च्या शासन निर्णयातल्या टप्प्यांनुसार नवा अभ्यासक्रम सहावीला 2026-27 मध्ये, सातवीला 2027-28 मध्ये आणि आठवीला 2028-29 मध्ये यायचा आहे. पण शिकवणार कोण? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुले असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत असे लिहिले आहे. अर्धवेळ आणि मानधनावरच्या माणसाला आज आहे, उद्या नाही अशा स्थितीत ठेवून नऊ प्रकल्प होणार नाहीत. अटल टिंकरिंग लॅबलाही हेच लागू पडते. 2016 पासून देशात अशा दहा हजारांहून जास्त प्रयोगशाळा शाळांना मिळाल्या, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. थ्रीडी प्रिंटर आला, सेन्सर आले. जिथे ते हाताळू देणारा शिक्षक आहे तिथे मुले रमतात, जिथे नाही तिथे खोलीला कुलूप लागते. यंत्रासाठी निधी एकदा लागतो, शिक्षक मात्र रोज लागतो.

पंचवटीपुरते बोलायचे तर सोयीची कमतरता नाही. गोदावरीचा पूल ओलांडला की जुन्या नाशकात तांबट लेन. ठोकून ठोकून तांबे कडक होते, मग ते तापवून मऊ करावे लागते आणि पुन्हा ठोकावे लागते. सपाट गोल पत्र्यातून पोटाचा हंडा कसा उठतो, हे पाहायला मिळाले तर विज्ञानाचा धडा मुलाच्या कानातून आणि हातातून आत जातो. नाशिकरोडला 1925 पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि 1928 पासून करन्सी नोट प्रेस आहे. आत कुणी सोडणार नाही, पण दहा रुपयांची नोट भिंगाखाली धरायला परवानगी लागत नाही. बारीक रेघांची जाळी, जलचिन्ह, सुरक्षा धागा आणि रुपयाचे चिन्ह. ते चिन्ह आयआयटी मुंबईतल्या डी. उदय कुमार यांचे, 2010 मध्ये स्वीकारलेले, देवनागरी ‘र’ वर बेतलेले. कलेची आणि तंत्रज्ञानाची गाठ याहून स्वस्तात कुठे दाखवणार?

येवला सुमारे 80 किलोमीटरवर. पैठणीचा मोर विणकर धाग्यांच्या मोजणीवर उभा करतो. चौकटीच्या कागदावर तोच मोर काढला की संगणकाच्या पडद्यावरचे ठिपके समजायला वेगळा तास लागत नाही. ओझरला विमानांचा कारखाना, सातपूर-अंबडला औद्योगिक वसाहती, अमृतधामला के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय. आणि गोदाघाट तर दाराशीच. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांनी हा परिसर जलरंगात आणला, प्रफुल्ल सावंत तो आज जगभरातल्या प्रदर्शनांत नेत आहेत. नदीकाठी बसून रंगवणारा चित्रकार हे पंचवटीतल्या मुलांना रोजचे दृश्य आहे. शाळेने त्यांना त्याच्या शेजारी बसवायला हवे.

2027 मध्ये पुन्हा सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. न वाचता येणाऱ्या भाविकालाही समजेल अशी दिशादर्शक पाटी, हरवलेल्या मुलाच्या मनगटावर बांधायची पट्टी, निर्माल्य गोळा करायची पेटी, पाण्याच्या टाकीचा भोंगा. सहावी ते आठवीच्या मुलांच्या आवाक्यातले हे प्रकल्प आहेत आणि त्यांची गरज खरी आहे. एका वर्गाने यातली एक पाटी बनवून घाटावर दहा माणसांना दाखवली, तिघांना ती कळली नाही म्हणून परत जाऊन बदलली, तर त्या वर्गाला डिझाइन हा विषय समजला.

पालकांच्या मनातली भीती खरी आहे, ती झटकून चालणार नाही. चित्रकला घेऊन पोट भरेल का? कोडिंग आता घेतले नाही तर मूल मागे पडेल का? 2020 च्या टाळेबंदीत सहा-सात वर्षांच्या मुलांना कोडिंगचे वर्ग विकणाऱ्या जाहिरातींनी ही भीती घरोघर पोहोचवली. उत्तर स्पष्ट द्यायला हवे. सहावीत घेतलेला विषय मुलाचा व्यवसाय ठरवत नाही. तो एवढेच ठरवतो, की एखादी गोष्ट बिघडली तर मूल ती उघडून बघेल की बाजूला ठेवेल. त्यामुळे निवड करताना विषयाच्या नावापेक्षा त्या तासाला मूल स्वतः काय करणार हे विचारावे. संगणकाच्या तासाला ते नुसता धडा उतरवून घेणार असेल तर मातीकाम त्याहून सरस. चित्रकलेच्या तासाला फळ्यावरचे चित्र उतरवणार असेल तर एखादा बिघडलेला पंखा उघडू देणारा तास त्याहून सरस. आणि मुलींना शिवण, मुलांना स्क्रूड्रायव्हर ही वाटणी जिथे अजून चालते तिथे ती पालकांनीच मोडायला हवी. फिनलंडच्या शाळांत धागाकाम आणि लाकूड-धातुकाम 2016 पासून एकाच विषयात, सगळ्या मुला-मुलींना आहे. पाबळने ते त्याच्या कितीतरी आधी केले.

मुलाने एखादा विषय घेऊन तीन महिन्यांत कंटाळा केला तर तो बदलू द्यावा. मात्र हाती घेतलेला एक प्रकल्प तडीस नेल्यावर.

अनुदानित आणि सरकारी शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान पाऊण सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. सरकारी शाळांत शाळा विकास आराखडाही हीच समिती तयार करते. पंचवटीतल्या आणि कुठल्याही गावातल्या पालकांनी जूनच्या पहिल्या बैठकीत चार गोष्टी लेखी मागाव्यात : कला आणि कार्यशिक्षणाचे आठवड्याचे तास, ते घेणाऱ्या शिक्षकाचे नाव, दप्तराविना दहा दिवसांच्या तारखा, आणि हे तास दुसऱ्या विषयाला दिले जाणार नाहीत असा ठराव. तो ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि दिवाळीच्या सुटीआधी त्याची अंमलबजावणी तपासा.